आडवा पडदा, उभा खेळ

तुमच्या वहीचे पान उभे असते आणि चित्रपटगृहातला पडदा आडवा असतो. उभ्या पानावरचा मजकूर आडव्या पडद्यावर जसाच्या तसा बसवायचा ठरवले तर काय होईल? एक तर मजकूर लहान करावा लागेल, नाही तर वरच्या-खालच्या काही ओळींना रजा द्यावी लागेल. ही अडचण आज जगभरच्या एका हौशी मंडळींना रोज भेडसावते. ही मंडळी म्हणजे जुने आर्केड खेळ घरच्या घरी खेळता यावेत म्हणून स्वतःचे यंत्र बांधणारे लोक. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: पडद्यावर किती ओळी आणि ओळीत किती ठिपके ठेवावेत? या मापाला इंग्रजीत रिझोल्यूशन म्हणतात; आपण त्याला विभेदन म्हणू या. प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. पण थोडे खोलात शिरलो की त्यात गुणाकार, भागाकार, चुंबकत्व आणि काळाचे मापन अशा अनेक गोष्टी भेटतात. चला तर, हा हिशेब मांडून पाहू या.

खेळ उभे का झाले?

आर्केड यंत्र म्हणजे नाणे टाकून खेळायचे, कपाटाएवढे व्हिडिओ खेळाचे यंत्र. १९७८ साली जपानमधील तायतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला. तो तोमोहिरो निशिकादो यांनी रचला होता. परग्रहावरून आलेल्या ५५ आक्रमकांची फौज वरून खाली सरकते आणि खेळाडू तळाशी तोफ सरकवत त्यांच्यावर मारा करतो. अशा खेळाला उंची लागते. शत्रू दूरवर दिसला पाहिजे आणि तो जवळ येईपर्यंत विचार करायला अवधी मिळाला पाहिजे. म्हणून या खेळाचे चित्र रुंदीपेक्षा उंचीला जास्त होते. पुढे १९७९ चा 'गॅलॅक्सियन', १९८० चा 'पॅक-मॅन', १९८१ चे 'गॅलॅगा' आणि 'डाँकी काँग' हे गाजलेले खेळही उभेच निघाले.

यासाठी कारखानदारांनी उभा पडदा नव्याने बनवला काय? मुळीच नाही. त्यांनी दूरचित्रवाणी संचात असते तशीच चित्रनलिका घेतली आणि ती सरळ कुशीवर आडवी करून कपाटात बसवली. पडद्याच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण ४ : ३ होते, ते कलंडल्यावर ३ : ४ झाले. युक्ती साधी होती, पण तिच्यामुळेच आपला आजचा प्रश्न निर्माण झाला आहे. कारण घरी यंत्र बांधणाऱ्याला एकाच पडद्यावर आडवे आणि उभे असे दोन्ही प्रकारचे खेळ खेळायचे असतात, आणि त्याचा पडदा बहुधा आडवाच बसवलेला असतो.

ओळीओळीने काढलेले चित्र

आता चित्रनलिकेच्या आत डोकावू या. नलिकेच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांची एक बारीक शलाका निघते आणि काचेच्या आतल्या बाजूला असलेल्या लेपावर आदळते. जिथे आदळते तिथे लेप उजळतो. रंगीत नलिकेत अशा तीन शलाका असतात, पण हिशेब तोच राहतो. नलिकेच्या मानेभोवती तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे शलाका वळते. ती डावीकडून उजवीकडे एक ओळ काढते, झटकन डावीकडे परतते, किंचित खाली उतरते आणि दुसरी ओळ काढू लागते. तळाशी पोचली की पुन्हा वर जाते. या क्रियेला क्रमवीक्षण म्हणतात. हे सारे इतक्या वेगाने घडते की दृष्टिसातत्यामुळे आपल्याला सलग चित्र दिसते.

तुम्ही वहीत लिहिता तेव्हाही तुमचा हात असाच फिरतो. समजा, एका लेखनिकाचा वेग ठरलेला आहे. तो मिनिटाला ६० ओळी लिहितो, ना कमी ना जास्त. त्याला ३० ओळींचे पान दिले तर मिनिटात २ पाने होतील. २० ओळींचे दिले तर ३ पाने होतील. पानावर ओळी वाढवल्या की पानांची संख्या घटणारच. चित्रनलिकेचा संच हा असाच ठरलेल्या वेगाचा लेखनिक आहे. त्याचे सूत्र असे:

एका चित्रातील एकूण ओळी × दर सेकंदाची चित्रे = दर सेकंदाच्या ओळी

यातील उजवीकडची संख्या म्हणजे संचाची आडव्या क्रमवीक्षणाची वारंवारता. अमेरिका व जपान यांच्या रंगीत दूरचित्रवाणीत ती सेकंदाला सुमारे १५,७३४ होती. भारत आणि युरोपातील बहुतेक देश यांच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत ती १५,६२५ होती. नेहमीच्या आर्केड मॉनिटरची वारंवारता याच टापूत, म्हणजे साधारण १५,६२५ ते १६,२०० या दरम्यान असते.

ही संख्या आपल्या मर्जीने दुप्पट का करता येत नाही? कारण शलाका मागे-पुढे नेणारा विद्युत्मंडलाचा भाग याच वारंवारतेसाठी आखलेला असतो. शलाका झटकन परतते त्या क्षणी निर्माण होणाऱ्या विद्युत्दाबाच्या उसळीतूनच नलिकेला लागणारा हजारो व्होल्टचा दाबही मिळवलेला असतो. अशा संचाला ३१,५०० ओळींचा संकेत दिला तर चित्र तर दिसत नाहीच, उलट काही संचांतील ट्रान्झिस्टर तापून निकामी होतात. अशा नलिका आता बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. म्हणजे चुकीचा आकडा निवडला तर पुन्हा सहजी न मिळणारी वस्तू गमावण्याची पाळी येते.

आणखी एक खर्च लक्षात ठेवा. शलाका तळापासून पुन्हा वर जाते तेव्हा काही ओळींचा वेळ वाया जातो. दूरचित्रवाणीच्या पद्धतींत हा वेळ साधारण २२ ते २४ ओळींचा असतो. म्हणून दिसणाऱ्या ओळी आणि एकूण ओळी यांत नेहमी फरक राहतो.

पॅक-मॅनचा हिशेब

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पॅक-मॅनच्या यंत्रातील घड्याळ सेकंदाला ६१,४४,००० ठिपके मोजते. परतीचा वेळ धरून एका ओळीला ३८४ ठिपक्यांचा काळ लागतो. भागाकार करा: सेकंदाला १६,००० ओळी. एका चित्रात एकूण २६४ ओळी असतात. पुन्हा भागाकार करा: सेकंदाला ६०.६ चित्रे. यांपैकी दिसणाऱ्या ओळी २२४ आणि प्रत्येक ओळीत दिसणारे ठिपके २८८.

मात्र नलिका कुशीवर असल्याने या ओळी खेळाडूला उभ्या दिसतात. डोळ्यांपुढचे चित्र रुंदीला २२४ ठिपके आणि उंचीला २८८ ठिपके असे असते. आता हेच चित्र आडव्या पडद्यावर सरळ उभे करायचे आहे. तेव्हा जे २८८ ठिपके पूर्वी ओळीच्या लांबीत बसत होते, त्यांना आता प्रत्येकी एक अशा २८८ ओळी लागतील. परतीच्या २४ ओळी मिळवल्या की एकूण झाल्या ३१२. वेग मूळचाच ठेवायचा तर ३१२ ला ६०.६ ने गुणा. उत्तर येते सुमारे १८,९००. आपला लेखनिक तर १६,२०० च्या पुढे जायला तयार नाही!

म्हणजे २८८ ओळी, ६०.६ चित्रे आणि साधा मॉनिटर या तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. यांतील कोणती तरी एक सोडावी लागते. कोणती सोडायची याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग : चित्रे कमी करणे

दर सेकंदाला ५० चित्रे दाखवली तर ३१२ × ५० = १५,६०० ओळी होतात. हे मॉनिटरला सहज मानवते. येथे एक गमतीदार योगायोग पाहा. आपल्या दूरदर्शनची पद्धत ६२५ ओळींची आणि सेकंदाला ५० अर्धचित्रांची होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते याच पद्धतीने. तिच्यातील दिसणाऱ्या ओळी ५७६ आणि एका अर्धचित्रातील २८८. पॅक-मॅनला हव्या आहेत नेमक्या तेवढ्याच! म्हणजे ज्या नलिकेच्या संचासमोर बसून तुमच्या आजी-आजोबांनी बातम्या पाहिल्या, त्या संचावर पॅक-मॅनची एकही ओळ न गाळता तो उभा दाखवता आला असता.

मग अडचण कुठे आहे? वेगात. या यंत्रांत चित्र हेच खेळाचे घड्याळ असते. एक चित्र काढून झाले की यंत्राला सूचना मिळते आणि ते खेळ एक पाऊल पुढे नेते. स्पेस इन्व्हेडर्समध्ये तर दर चित्राला फक्त एकच आक्रमक सरकतो. सेकंदाला सुमारे ५९.५ चित्रे असताना ५५ जणांची सारी फौज एक पाऊल सरकायला ०.९२ सेकंद लागतो. ५० चित्रे केली तर तेच पाऊल १.१ सेकंदाचे होते. पॅक-मॅनच्या बाबतीत मूळ यंत्रावरचा एक मिनिटाचा खेळ जवळजवळ ७३ सेकंद चालतो. भुते सावकाश चालतात, खेळाडूला विचार करायला जास्त वेळ मिळतो. अशा यंत्रावर मिळवलेले गुण मूळ यंत्रावरच्या गुणांशेजारी मांडणे म्हणजे उतारावर धावलेल्याची वेळ सपाटीवर धावलेल्याच्या वेळेशी ताडून पाहण्यासारखे आहे.

खेळाचा वेग मूळचाच ठेवून दर सेकंदाला फक्त ५० चित्रे दाखवता येतात. पण मग दर सेकंदाची दहा-अकरा चित्रे गाळावी लागतात आणि सरळ चालणारे भूत ठेचकाळत चालल्यासारखे दिसते.

दुसरा मार्ग : ओळी गाळणे

मॉनिटर ६० चित्रांना साधारण २४० ओळी दाखवतो. तेव्हा २८८ ओळींचे चित्र २४० ओळींत बसवायचे, म्हणजे दर सहा ओळींतून एक ओळ गाळायची. सहांतून एक म्हणजे काय मोठे, असे तुम्हांला वाटेल. आता त्याचा परिणाम पाहा.

पॅक-मॅनचे चित्र ८ × ८ ठिपक्यांच्या घरांनी बनलेले आहे. रुंदीत २८ घरे आणि उंचीत ३६ घरे. चक्रव्यूहात पॅक-मॅन जे लहान दाणे खातो, ते २४० आहेत आणि त्यांची उंची अवघी दोन ओळी आहे. शेजारच्या तीन घरांत मिळून २४ ओळी येतात आणि त्यांतून चार ओळी गळतात. दाण्याच्या ओळी पहिल्या घरात चौथी व पाचवी धरल्या, तर दुसऱ्या घरात त्या बारावी व तेरावी आणि तिसऱ्या घरात विसावी व एकविसावी होतात. या सहा संख्यांना ६ ने भागा. बाकी अनुक्रमे ४, ५, ०, १, २, ३ उरते. म्हणजे शून्यापासून पाचापर्यंतची प्रत्येक बाकी नेमकी एकदा आली! याचा अर्थ असा की गाळायची ओळ तुम्ही कुठूनही मोजायला लागा, एकाखाली एक असलेल्या दर तीन घरांपैकी एका घरातील दाणा अर्धा कापला जाणारच. त्यातून सुटका नाही. अक्षरे आणि आकडेही असेच जागोजागी खुरटतात.

शेजारच्या ओळींचे रंग मिसळून ही कात्री बोथट करता येते. पण मग कडा धूसर होतात. जुन्या खेळांचे सौंदर्य त्यांच्या स्वच्छ, कोरीव ठिपक्यांत आहे. ते येथे हरवते.

तिसरा मार्ग : ओळी वाटून घेणे

दूरचित्रवाणीने हीच अडचण फार पूर्वी वेगळ्या रीतीने सोडवली होती. एका खेपेला विषम क्रमांकाच्या ओळी काढायच्या, दुसऱ्या खेपेला सम क्रमांकाच्या. अशा रीतीने ६० अर्धचित्रांत ४८० ओळी मिळतात. मग २८८ ओळी त्यांत मावणारच. पण आता प्रत्येक ओळ सेकंदाला ६० वेळा न उजळता ३० वेळाच उजळते. चित्रपटात किंवा बातम्यांत हे फारसे जाणवत नाही, कारण तेथे शेजारशेजारच्या ओळी बऱ्याचशा सारख्या असतात. खेळातील बारीक आडवी रेघ मात्र थरथरू लागते. शिवाय २८८ ओळी पडद्याच्या पूर्ण उंचीवर पसरायच्या तर ४८० ला २८८ ने भाग पूर्ण जात नाही. काही ओळी एकदा आणि काही दोनदा काढाव्या लागतात. थोडक्यात, ओळी मिळाल्या, पण डोळ्यांचे स्वास्थ्य गेले.

चौथा मार्ग : पडदाच उभा करणे

कारखानदारांनी जे केले तेच आपण करू या. जपानी भाषेत उभ्याला 'ताते' म्हणतात आणि हौशी मंडळींत हाच शब्द रूढ झाला आहे. पडदा कुशीवर वळवला की पॅक-मॅनला पुन्हा २२४ ओळीच लागतात. वेग ६०.६ ठेवून एकूण ओळी २५९ ठरवल्या, तर सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी होतात. मॉनिटर खूश, वेग अचूक आणि एकही ओळ गाळलेली नाही.

याखेरीज चित्रही मोठे दिसते. समजा, पडद्याचा कर्ण २० इंच आहे. मग रुंदी १६ इंच आणि उंची १२ इंच. (पायथागोरसच्या सिद्धांताने पडताळून पाहा.) आडव्या पडद्यावर ३ : ४ प्रमाणाचे उभे चित्र फार तर ९ इंच रुंद व १२ इंच उंच बसते. त्याचा कर्ण १५ इंच. म्हणजे २० इंची पडदा घेऊन आपण १५ इंचीच वापरतो आणि क्षेत्रफळापैकी शेकडा ४४ भाग काळा राहतो. पडदा वळवला की तो पुरता कामी येतो.

तरीही सगळे हा मार्ग का धरत नाहीत? एक तर २९ इंची नलिकेचा संच बहुधा ४० किलोंहून जड असतो. खेळागणिक तो वळवायचा तर भक्कम फिरता सांगाडा लागतो. दुसरे कारण उष्णतेचे. संचातील हवा वर जाण्याची वाट तो सरळ असताना मोकळी राहील अशी आखलेली असते. कलंडल्यावर ती अडू शकते. तिसरे कारण मोठे मनोरंजक आहे. रंगीत नलिकेच्या आत बारीक छिद्रांची पोलादी जाळी असते. तीन शलाकांनी आपापल्या रंगाच्या ठिपक्यांवरच पडावे, ही कामगिरी तिची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने या जाळीत थोडे चुंबकत्व येते. पडदा वळवला की या क्षेत्राशी असलेली त्याची दिशा बदलते, शलाका किंचित ढळतात आणि पांढऱ्या भागावर गुलाबी किंवा हिरवट डाग दिसू लागतात. ते घालवण्यासाठी पडद्याभोवतीच्या वेटोळ्यातून हळूहळू क्षीण होत जाणारा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. याला विचुंबकन म्हणतात. जुना रंगीत संच चालू करताना येणारा 'धुम्म' असा आवाज पुष्कळदा याचाच असे.

ओळीतले ठिपके किती?

आतापर्यंत आपण ओळींचाच विचार केला. ओळीच्या लांबीतील ठिपक्यांचे काय? येथे चित्रनलिका फार उदार आहे. ओळ काढताना शलाका सलग सरकते, तिला ठिपके मोजता येत नाहीत. संकेत किती वेळा बदलायचा हे आपल्या हाती असते. म्हणून ओळींची संख्या जपून निवडावी लागते, ठिपक्यांची संख्या मात्र गरजेप्रमाणे ठरवता येते.

तरी तिलाही हिशेब आहेच. आडव्या पडद्यावरील उभे चित्र १६ इंचांपैकी ९ इंच जागा घेते हे आपण पाहिले. त्या ९ इंचांत २२४ ठिपके यायला हवेत. मग पूर्ण १६ इंचांत किती येतील? त्रैराशिक मांडा: २२४ × १६ ÷ ९ = ३९८. सोयीसाठी ४०० म्हणू. मधल्या २२४ ठिपक्यांत खेळ आणि दोन्ही बाजूंना ८८-८८ काळे ठिपके. आपल्या ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीच्या ६४ मायक्रोसेकंदांपैकी सुमारे ५२ मायक्रोसेकंद प्रत्यक्ष चित्रासाठी मिळतात. त्या हिशेबाने परतीचा वेळ धरून ओळीत सुमारे ४९२ ठिपके आणि सेकंदाला सुमारे ७७ लाख ठिपके पाठवावे लागतात.

पुष्कळजण येथे ओळखीचा आकडा म्हणून ३२० ठिपके निवडतात. मग २२४ ठिपके पडद्याची शेकडा ७० रुंदी अडवतात आणि चित्र जवळजवळ पाव हिस्सा जास्त रुंद होते. वाटोळा पॅक-मॅन भोपळ्यासारखा बसका दिसू लागतो!

मग निवड कशी करावी?

सगळ्या उभ्या खेळांना एकच आकडा लागू पडत नाही. खेळाच्या उंचीवर निवड ठरते.

उंची २५६ असेल, जसे डाँकी काँगमध्ये आहे, तर परतीसह सुमारे २७८ ओळी होतात. मॉनिटर १६,२०० ओळींपर्यंत जात असेल, तर सेकंदाला ५८ चित्रे मिळतात. मूळ खेळ ६०.६ चित्रांचा आहे. वेग शेकडा ४ इतकाच घटतो. घरगुती करमणुकीला हा तोटा सोसण्यासारखा आहे.

उंची २८८ असेल, तर त्याच मॉनिटरवर ५२ चित्रांपर्यंतच मजल जाते आणि वेग शेकडा १४ ने घटतो. चित्र कसे होते हे पाहायचे असेल तर ५० किंवा ५२ चित्रे चालतील. कौशल्य अजमावायचे असेल तर पडदा वळवावा.

उंची ३२० असेल, जसे केव्ह कंपनीने रचलेल्या १९९७ च्या 'डोडोनपाची' या खेळात आहे, तर परतीसह सुमारे ३४२ ओळी होतात आणि साध्या मॉनिटरवर जेमतेम ४६-४७ चित्रे मिळतात. मूळ खेळ सुमारे ५७.५ चित्रांचा. शेकडो गोळ्यांच्या पावसातून वाट काढण्याच्या या खेळात ओळी गाळल्या तर गोळ्याच खुरटतील. येथे पडदा वळवण्यावाचून गत्यंतर नाही.

संगणकाचा जुना नलिकेचा मॉनिटर हाही एक चांगला पर्याय आहे. ८०० × ६०० विभेदनाला तो सेकंदाला सुमारे ३७,९०० ओळी काढतो. त्यात प्रत्येक ओळ दोनदा काढली की २८८ च्या ५७६ होतात आणि ६०० ओळींत सुखाने मावतात. आजच्या सपाट पडद्यांना शलाकाच नसते, त्यामुळे ओळींच्या वारंवारतेचे बंधन त्यांना नाही. पण त्यांचे ठिपके कायमचे ठरलेले असतात. १,०८० ओळींच्या पडद्यावर २८८ ओळी तिप्पट केल्या तर ८६४ होतात आणि चौपट केल्या तर १,१५२ होऊन बाहेर जातात. म्हणजे एक तर चित्राभोवती काळी चौकट सोसा, नाही तर काही ओळी जाड आणि काही बारीक असे चित्र सोसा. पडदा बदलला की अडचण जागा बदलते, पुरती नाहीशी होत नाही.

तुमच्या लक्षात आले असेल की यांपैकी एकही निवड फुकट नाही. कुठे वेग जातो, कुठे ओळी जातात, कुठे आकार जातो, तर कुठे कष्ट पडतात. १९९७ पासून 'मेम' नावाचा संगणक-प्रोग्रॅम जुन्या आर्केड यंत्रांच्या विद्युत्मंडलांची हुबेहूब नक्कल करीत आला आहे. पण नक्कल कितीही अचूक असली, तरी शेवटी पडद्यावर काय पोचवायचे हे पडदा जुळवणाराच ठरवतो. आपण काय सोडले हे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

एक ताकीद मात्र ध्यानात ठेवा. रंगीत चित्रनलिकेत सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहू शकतो. संचाचे मागचे झाकण तुम्ही कधीही उघडू नका. ते काम जाणकार तंत्रज्ञाचे आहे. आपले प्रयोग कागदावर करावेत.

करून पाहा

१. चौकटीच्या कागदावर २४ चौकटी उंच व ८ चौकटी रुंद असा उभा पट्टा आखा. त्याचे ८ × ८ ची तीन घरे असे भाग पाडा. प्रत्येक घराच्या मध्यभागी २ × २ चौकटींचा दाणा रंगवा. आता दर सहावी आडवी रांग कापून उरलेले तुकडे जोडा. कोणत्या घरातला दाणा अर्धा झाला? पहिली रांग कापून सुरुवात केली, दुसरी कापून केली, तर काय होते?

२. स्पेस इन्व्हेडर्सच्या यंत्रातील घड्याळ सेकंदाला ४९,९२,००० ठिपके मोजते. एका ओळीला ३२० ठिपक्यांचा काळ लागतो आणि चित्रात एकूण २६२ ओळी असतात. सेकंदाच्या ओळी व चित्रे काढा.

३. याच खेळाचे चित्र २२४ रुंद व २५६ उंच आहे. सेकंदाला १५,६२५ ओळी काढणाऱ्या आडव्या मॉनिटरवर, परतीसाठी २२ ओळी धरून, ते उभे दाखवले तर खेळाचा वेग शेकडा किती घटेल?

उत्तरे : (१) कुठूनही सुरुवात केली तरी तीनपैकी एका, आणि एकाच, घरातला दाणा अर्धा होतो. (२) १५,६०० ओळी व सुमारे ५९.५ चित्रे. (३) सेकंदाला ५६.२ चित्रे मिळतील. वेग शेकडा सुमारे साडेपाच घटेल.